खंड कुठे पडतो?

संगणकावर गाणं ऐकताना सूर मध्येच तुटला की लोक आधी स्पीकरची वायर हलवतात. हलवावी, पण त्याआधी कान द्यावा. तेच गाणं दुसऱ्या संगणकावर लावावं. खंड त्याच शब्दावर पडला, तर दोष बहुधा फाइलमध्ये. तिथे सलग वाजलं, तर आपल्या यंत्रात.

अम्मीच्या जात्यावरच्या ओव्या कॅसेटवरून संगणकावर घेतल्या होत्या. माझ्याकडे त्या अडखळत. मुलीच्या लॅपटॉपवर सलग वाजल्या. जीव भांड्यात पडला, कारण मूळ फीत बुरशी लागून वाया गेली होती. मूठभर दाणे टाकायला अम्मी थांबायची, तो विराम मात्र दोन्हीकडे होता.

सीडीच्या ध्वनीत सेकंदाला ४४,१०० नमुने असतात. संगणक ते थोडे आधीच भरून ठेवतो; त्या साठ्याला बफर म्हणतात. प्रोसेसर दुसरीकडे गुंतला, साठा वेळेत भरला नाही, की आवाज गुल. म्हणून बाकीचे प्रोग्रॅम बंद करावेत, पेनड्राइव्हवरची फाइल हार्डडिस्कवर घ्यावी, सोय असेल तर बफर वाढवावा. ब्लूटूथऐवजी वायरचा हेडफोन लावून पाहावा. माझ्याकडे व्हायरस शोधणारा प्रोग्रॅम भर दुपारी सगळ्या फाइली चाळत बसायचा. त्याला रात्रीची वेळ लावून दिली.