कॅन्टीनमधली बोंडअयी



आकाशवाणीबद्दल बोल, असं मला सांगितलंय. स्टुडिओतलं तुम्ही रेडिओवर ऐकलंच आहे. जे ऐकू आलं नाही, ते कॅन्टीनचं सांगतो.

नागपूर केंद्र १९४८चं, ५८५ किलोहर्ट्झ. दारव्ह्यात आमच्या घरी तेच लागायचं. पुढं मी तिथंच उद्घोषक झालो. सकाळच्या सभेला रिकाम्या पोटी माइकपुढं बसायचं आणि दिल्लीहून साडेआठच्या मराठी बातम्या लागल्या की कॅन्टीनकडे पळायचं. तेवढ्या दहा मिनिटांत पोहे, वर तर्री, अर्धा कप चहा. तर्री जास्त झाली की पुढची उद्घोषणा खोकत! तरी कमी कोणीच घेत नसे.

आपल्या मराठीच्या सरांनी माझ्याकडून ‘केळी, डोळे, पोळी’ घोटून घेतलं होतं. मी ‘केयी, डोये, पोयी’ म्हणायचो ना! त्या ‘ळ’वर नोकरी मिळाली. पण मग मी वऱ्हाडी इतकी लपवली, की कोणी गाव विचारलं तर ‘नागपूरचाच’ म्हणायचो. हे आज पहिल्यांदा कबूल करतोय.

नव्वदच्या दशकात अमेरिकन बोंडअळीनं कापूस खाल्ला, तेव्हा दिग्रसकडचे एक शेतकरी मुलाखतीला आले. त्यांनी मला गाव विचारलं. मी तेच उत्तर दिलं. माइकपुढं ते थिजले. “हो”, “नाही”, बस्स. दोन वेळा टेप थांबवली, शेवटी जेवायला गेलो.

त्या दिवशी झुणका-भाकर आणि ठेचा होता. पहिल्या घासाला माझ्या तोंडून निघून गेलं, “आमची मायबी असाच करते!”

काका थांबले. “कोनतं गाव म्हनलं?”

“दारव्हा.”

“मंग आंदी काऊन नाई सांगतलं?”

मला उत्तर सुचलं नाही. त्यांनी आपल्या पानातला ठेचा माझ्याकडे सरकवला आणि बोलायला लागले. फवारून फवारून कर्ज झालं, अयी काही मरेना. मग शेतात पक्ष्यांसाठी काठ्या रोवल्या. पाखरं बसतात, अया टिपतात. हात धुवायच्या आत मी त्यांना पुन्हा स्टुडिओत नेलं.

त्या टेपमध्ये मीही दोनदा ‘बोंडअयी’ म्हटलंय. कापायला ब्लेड हातात घेतलं होतं, सर. नाही कापलं.