काना, पायमोडके अक्षर आणि डाव्या हाताचे मधले बोट

संगणकाचा कळफलक, म्हणजे ज्यावरच्या कळा दाबून मजकूर यंत्रात उतरतो तो फलक, विकत घेताना किंमत पाहिली जाते, दिव्यांची रोषणाई पाहिली जाते. तो मराठी लिहिण्यासाठी घ्यायचा आहे, हा विचार मात्र कर्जत-खालापुरातच काय, मुंबईच्या लॅमिंग्टन रोडवरही क्वचित होतो, आणि प्रस्तुत व्याख्यानाचा सारा रोख तेवढ्यावरच आहे. १९५५ साली गोदरेजने काढलेले भारतीय बनावटीचे टंकयंत्र आणि त्यावर बोटे घडलेल्या टंकलेखकांच्या पिढ्या हा इतिहास येथील श्रोत्यांना परिचित असल्याने तो गृहीत धरलेला बरा.

स्वस्त कळफलकात कळांखाली रबराचे घुमट आणि त्यांखाली विद्युतवाहक रेषा छापलेले प्लास्टिकचे पापुद्रे असतात, यालाच मेम्ब्रेन म्हणतात. मेकॅनिकल प्रकारात प्रत्येक कळीला स्वतःचा स्प्रिंग असलेला स्विच असतो. उत्पादक पहिल्याला साधारण ५० लाख ते १ कोटी आणि दुसऱ्याला ५ कोटी किंवा अधिक दाब सोसण्याची ग्वाही देतात. परंतु माथेरानच्या पायथ्याशी, जेथे आषाढात कपाटातल्या चपलांना बुरशी येते, तेथे दाबांची मोजदाद पुरी होण्याआधीच पापुद्र्यांत शिरलेली ओल आपले काम उरकते.

मूळ मुद्दा पुढेच आहे. १९८६ साली केंद्राच्या इलेक्ट्रॉनिक्स विभागाने ठरवलेल्या इनस्क्रिप्ट रचनेत, म्हणजे भारतीय लिप्यांच्या समान कळमांडणीत, स्वर व त्यांची चिन्हे मुख्यतः डाव्या हाताकडे आणि व्यंजने मुख्यतः उजव्याकडे येतात. ‘कर्जत’ लिहिताना क, र, ज, त ही चारही अक्षरे उजवा हात उमटवतो, आणि रफार साधण्यासाठी ‘र’चा पाय मोडण्याचे एकच काम इंग्रजी डीच्या कळीवर डाव्या हाताच्या मधल्या बोटाकडे येते. काना तिच्या वरच्याच, इंग्रजी ईच्या कळीवर असल्याने ‘खालापूर’मध्ये तेच बोट दोनदा राबते, म्हणजे तालुका कोणताही असो, वेठबिगारी त्याच बोटाची! (हशा) ‘राष्ट्रीयत्व’ हा शब्द लिहून पाहणाऱ्यास पायमोडीची कळ आधी का झिजते, हे निराळे सांगावे लागणार नाही.

रोमन अक्षरांतून मराठी उमटवणाऱ्यांचा यात उपमर्द नाही, हे मागील रांगांतील कुजबुज पाहता स्पष्ट केलेले बरे. त्यांनाही ‘अ’कारासाठी इंग्रजी ए सतत दाबावाच लागतो आणि तो करंगळीखाली येतो, ही अवस्था अधिक सुखाची म्हणता येत नाही.

यास्तव दुकानात कळफलक खोक्यातून बाहेर काढून काना आणि पायमोड यांच्या दोन कळा आधी दाबाव्यात, सुमारे ४५ ग्रॅम भाराने उतरणारा हलका स्विच निवडावा, आणि सोल्डर न करता एकेक स्विच उपटून बदलता येईल, असाच कळफलक घ्यावा, कारण एका कळीपायी अख्खा फलक भंगारात जाण्याचे मग कारण उरत नाही.

अध्यक्षांकडून चिठ्ठी आली आहे आणि खोपोलीकडच्या श्रोत्यांना गाडी गाठायची आहे, त्यामुळे वायरलेस कळफलकांचे प्रकरण सोडावे लागते. जाता जाता एवढेच, की कळफलकाचे मागचे पाय उभे केल्यास मनगट वर वाकते. ते दुमडूनच ठेवावेत.