बूमवरचा आकडा



ज्याच्या कौशल्याची साक्ष न घडलेल्या अपघातांनीच द्यावयाची असते, अशा या क्रेनच्या व्यवसायातील परिषदेचे अध्यक्षपद आपण मला दिलेत, याबद्दल मी आपला ऋणी आहे. आयुष्याची ऐन वर्षे मी ट्रकवरील क्रेनच्या केबिनमध्ये आणि उरलेली नव्या चालकांना शिकविण्यात घालविली. तेव्हा माझ्या बोलण्यास यार्डातील ग्रीसचा वास आला, तर तो आपण गोड मानून घ्याल अशी आशा आहे.

क्रेनच्या बूमवर ठळक अक्षरांत 50 टन असा आकडा रंगविलेला असतो, आणि कंत्राटदारापासून मुकादमापर्यंत सर्वजण त्यालाच यंत्राला मिळालेली सनद समजून कामाला लागतात. वस्तुतः तो आकडा बूम आखडलेली असताना, फिरणाऱ्या चकतीच्या मध्यापासून जेमतेम 3 मीटरवर उचलावयाच्या भारापुरता खरा असतो. हे अंतर म्हणजेच त्रिज्या; ती वाढली की भार तितक्याच वजनाचा राहूनही यंत्राला उलथविण्याची त्याची शक्ती वाढते. 50 टनांना 3 मीटरने गुणले तर 150 येतात; त्याच हिशेबाने 15 मीटरवर 10 टन उचलता यावेत असे वाटते; परंतु लांबविलेल्या बूमचे स्वतःचे वजनही पुढे सरकलेले असल्यामुळे कोणत्या त्रिज्येवर किती भार चालेल हे सांगणारा तक्ता, म्हणजे लोड चार्ट, त्याहून कमीच आकडा दाखवितो, आणि त्या आकड्यातूनही हूक-ब्लॉक, स्लिंगा, शॅकल यांचे वजन वजा करावे लागते. त्यात भर म्हणजे भार जमिनीवरून सुटताक्षणी बूम वाकते आणि त्रिज्या आपोआप थोडी वाढते; म्हणून टेप लावून मोजलेली रिकाम्या हुकाची त्रिज्या हीच शेवटची त्रिज्या, असे मानणाऱ्याची गफलत पहिल्या वीतभर उचलीतच उघड होते.

माझ्या पिढीतील कित्येक चालक मोठ्या अभिमानाने सांगत की, आम्हांला चार्टची गरज नाही, यंत्राला जमिनीवर पेलून धरणारा मागचा जॅक हलका झाला की बैठकीखाली कळते. त्यांच्या अनुभवाविषयी मला आदर आहे. तरीही ही समजूत घातक आहे, असे मी या व्यासपीठावरून स्पष्टपणे सांगतो. पुष्कळ चार्टांत एक ठळक रेघ ओढलेली असते. तिच्या एका बाजूच्या आकड्यांना यंत्राच्या तोलाची मर्यादा असते, तर दुसऱ्या बाजूच्या आकड्यांना पोलादाच्या बळाची. त्या दुसऱ्या प्रांतात जॅक हलका होण्याची वाट पाहत बसणाऱ्या चालकाची बूम आधी मोडते. यंत्र त्याला कसलीही पूर्वसूचना देत नाही.

आता जमिनीविषयी, आणि येथे मी थोडा रेंगाळणार आहे, कारण माझे स्वतःचे शिक्षण येथेच झाले. तरुणपणी एका कारखान्याच्या आवारात टाकी उचलताना माझ्या क्रेनचा उजवा मागचा जॅक हळूहळू खाली जाऊ लागला. वरून मुरूम उत्तम ठोकलेला होता. त्याखाली मात्र काही महिन्यांपूर्वी नळासाठी खणून बुजविलेला चर होता, आणि त्याची वार्ता आम्हांला कोणी दिली नव्हती, हे जितके खरे, तितकेच आम्हीही ती विचारली नव्हती, हेही खरे. भार त्या क्षणी जमिनीपासून हातभरच वर होता, म्हणून टेकविता आला. तेव्हापासून साइटवर पाय ठेवताच माझा पहिला प्रश्न असे, इथे पूर्वी काय खणले होते?

हिशेब सोपा आहे. जॅकच्या पायावर 30 टन येत असले आणि तो पाय अर्धा मीटर लांब व तितकाच रुंद असला, तर जमिनीवर दर चौरस मीटरला 120 टन दाब पडतो. त्याच पायाखाली दीड मीटर लांबीरुंदीचा, न वाकणारा, भरीव लाकडी मंच दिला तर तोच दाब साडेतेरा टनांच्याही आत येतो. आपल्या देशावरील काळी माती उन्हाळ्यात भेगाळून दगडासारखी कठीण भासते आणि पहिल्या पावसात लोण्यासारखी मऊ होते. मे महिन्यात जेथे क्रेन निर्धास्त उभी होती, तेथेच जुलैत ती उभी राहील असे कोणी गृहीत धरू नये. जॅक अर्धेच बाहेर काढून काम भागविण्याचा मोह अरुंद गल्लीत होतो. अशा वेळी पूर्ण पसरलेल्या जॅकांसाठी लिहिलेला चार्ट वाचणे म्हणजे दुसऱ्याच यंत्राचा चार्ट वाचणे होय.

आता वाऱ्याविषयी. वाऱ्याचा जोर त्याच्या वेगाच्या वर्गाच्या प्रमाणात वाढतो, म्हणजे वेग दुप्पट झाला की जोर चौपट होतो. 14 जुलै 1999 रोजी अमेरिकेतील मिल्वॉकी येथे क्रीडागाराच्या छपराचा चारशे टनांहून अधिक वजनाचा भाग उचलीत असता ‘बिग ब्लू’ नावाची प्रचंड क्रेन कोसळली आणि तीन लोहकामगार प्राणास मुकले. ती ट्रकवरची क्रेन नव्हती. पण टांगलेल्या त्या विस्तीर्ण भारावर वारा किती जोर करील, हा हिशेब तेथे झालेला नव्हता, आणि पत्र्याचा गठ्ठा किंवा जाहिरातीचा फलक उचलणाऱ्या आपल्या लहान क्रेनलाही तोच हिशेब लागू आहे.

स्लिंगेच्या कोनाबद्दल एवढेच सांगतो की, 10 टनांचा भार दोन उभ्या पायांवर 5-5 टनांनी वाटला जातो, परंतु तेच पाय आडव्या रेषेशी 30 अंशांपर्यंत पसरले तर प्रत्येकावर 10 टनांचा ताण येतो. विजेच्या तारेला बूम लागलीच, तर चालकाने केबिनमध्येच बसून राहावे. आगीमुळे उतरणे भागच पडले, तर यंत्र व जमीन यांना एकदम न शिवता दोन्ही पाय जुळवून उडी मारावी आणि पावले न उचलता, घासत दूर जावे.

हे ज्ञान गुप्त नाही. पण ते परकीय लिपीत चार्टच्या बारीक टिपांमध्ये कोंडलेले आहे. आपल्या व्यवसायाला भाषेचे वावडे कधीच नव्हते. गोदीतले खलासी भार चढविताना ‘हबेस’ आणि उतरविताना ‘आरिया’ अशी हाक देत. त्यांतील ‘आरिया’ हा शब्द पोर्तुगीज ‘आरियार’, म्हणजे खाली सोडणे, यापासून आला आणि निरक्षर माणसांनी तो बिनचूक वापरला. ज्यांनी समुद्रापलीकडचा शब्द आपलासा केला, त्यांच्या वारसांना त्रिज्या, बूमची लांबी आणि वजावटी यांच्या टिपा मराठीतून देता येऊ नयेत, हे मला पटत नाही. प्रत्येक केबिनमध्ये मूळ चार्टाशेजारी त्या यंत्राच्या टिपांचा तपासून घेतलेला मराठी तर्जुमा असावा, असा ठराव मी परिषदेपुढे मांडीत आहे. त्याच्या जोडीला माझी दुसरी मागणी अशी की, चार्ट दाखवून नकार देणाऱ्या चालकाची त्या दिवशीची मजुरी कापली जाऊ नये. कारण संध्याकाळची चूल ज्या नकारावर अवलंबून असते, तो नकार कितीही ज्ञान असले तरी ओठांतच राहतो.

बाहेर मैदानात प्रात्यक्षिकासाठी एक क्रेन आणून उभी केली आहे. दुपारच्या सत्रात तिची बूम उभारण्याची घाई कोणी करू नये. कार्यक्रमपत्रिकेत फेरफार करून पहिला अर्धा तास आपण सर्वांनी मिळून तिच्या चार जॅकांखालची जमीन पाहण्यात घालवावा, आणि या मैदानावर पूर्वी काय खणले होते, हे येथल्या जुन्या माळीबुवांना विचारून घ्यावे, अशी माझी विनंती आहे.