पुढचें चाक कां धरतें?

भिवंडींतील कामतघर ही वस्ती वऱ्हाळा तलावाच्या परिसरांत वसलेली आहे. यंत्रमागांच्या ह्या गांवांत सुताचे बीम, कापडाचे तागे आणि गोदामांतील माल ह्यांची ने-आण करण्यास लहान पिकअप गाडीवांचून चालत नाहीं. अशा गाडीचा चालक पुष्कळदां एकच तक्रार घेऊन मिस्त्रीकडे येतो. गाडी ओढत नाहीं, डिझेल अधिक खाते, उतारावर मोकळी सोडली तरी जागची हालत नाहीं, आणि पुढच्या चाकाशीं करपट वास येतो. प्रथम संशय जातो एंजिनावर. परंतु एंजिन बहुधा निरपराध असतें. पेडलावरचा पाय काढल्यावरहि पुढचा ब्रेक पुरता सुटलेला नसतो. कारागिरांच्या भाषेंत तो ‘पकडतो’.

ब्रेक सुटत कां नाहीं हें समजण्यासाठीं तो सुटतो कसा, हें आधीं पाहिलें पाहिजे. कोंडलेल्या द्रवावर दिलेला दाब सर्व दिशांस सारखाच पोंचतो, हा नियम सतराव्या शतकांत ब्लेझ पास्कल ह्या फ्रेंच विद्वानानें मांडला. त्याच तत्त्वावर चालणारे ब्रेक अमेरिकेंतील ड्यूसेनबर्ग मोटारीच्या चारी चाकांना १९२१ सालीं बसविण्यांत आले. पेडल दाबलें कीं मास्टर सिलिंडरांतील तेल नळ्यांतून चाकापर्यंत दाब नेतें. कॅलिपरांतील पिस्टन पुढें सरकतो आणि पॅड फिरत्या तबकडीस चिमटींत धरतात. मात्र पिस्टन मागें घेण्यास येथें स्प्रिंग नसते. त्याच्याभोंवतीं चौकोनी छेदाची एक रबरी कडी असते. दाब येतांच ती किंचित् पिळवटते, आणि दाब जातांच पूर्ववत् होतांना पिस्टनला केंसभर मागें ओढते. चाकाची सारी मोकळीक ह्या केंसभर अंतरावर अवलंबून आहे.

श्रोते म्हणतील, थोडें डिझेल अधिक लागलें तर एवढें काय बिघडलें? बिघडतें तें उष्णतेमुळें. ब्रेक ऑइल हवेंतील ओलावा शोषून घेतें. डॉट-३ ह्या प्रतीचें ताजें तेल निदान २०५ अंश सेल्सिअसपर्यंत उकळत नाहीं. पाणी मुरल्यावर हाच आंकडा १४० अंशांपर्यंत उतरूं शकतो. सतत घासणारी तबकडी तेलाला ह्या मर्यादेपलीकडे नेऊं शकते. तेल दाबानें आकसत नाहीं, वाफ मात्र आकसते. म्हणून पेडल तळाला टेकतें आणि गाडी थांबत नाहीं. जो ब्रेक सुटत नव्हता, तोच ऐन वेळीं लागेनासा होतो. नाशिकहून भरल्या गाडीनें कसारा घाट उतरतांना असें झालें तर काय अनर्थ ओढवेल, हें सांगावयास नको.

निदानाची पहिली पायरी म्हणजे दोष एका चाकाचा कीं दोहोंचा, हें ठरविणें. पेडल नरम लागत नसेल तरच हा प्रयोग करावा. सपाट, मोकळ्या रस्त्यावर ब्रेक शक्य तितका कमी वापरून गाडी चार-पांच किलोमीटर चालवावी व आपोआप मंद होऊं द्यावी. नंतर प्रत्येक चाकाजवळ तळहात न्यावा. तबकडीस स्पर्श मात्र करूं नये. एकच चाक तापलें असेल आणि गाडी त्या बाजूस ओढत असेल, तर दोष त्या बाजूच्या कॅलिपरांत किंवा नळींत असतो. दोन्ही चाकें सारखींच तापलीं असतील, तर पेडल, बूस्टर अथवा मास्टर सिलिंडर ह्यांवर संशय अधिक.

दुसरी पायरी अनुभवी हातांनींच करावी. मागच्या चाकांना ठोकळे लावून पुढचें चाक उचलावें, खालीं भक्कम स्टँड द्यावा, आणि पेडल दाबून सोडल्यावर चाक हातानें फिरवून पाहावें. तें अडकलें असतां कॅलिपरावरील एअर काढण्याचा स्क्रू किंचित् सैल करावा. तेल उसळून चाक मोकळें झालें, तर दाब आंत कोंडला होता. चाक तसेंच अडकून राहिलें, तर दोष जागच्या जागीं आहे: पिस्टन गंजला, कॅलिपर ज्या पिनांवर सरकतो त्या आवळल्या, किंवा पॅड चिखलानें खोबणींत रुतले.

कोंडलेला दाब असेल, तर चाक पुन्हां धरूं द्यावें आणि मास्टर सिलिंडरपाशीं पाइपाचा नट सैल करावा. चाक सुटलें, तर पेडलाला मोकळी चाल उरलेली नाहीं, किंवा तेल टांकींत परतण्याचें बारीक छिद्र बुजलें आहे. न सुटलें, तर बहुधा चाकाजवळची रबरी नळी दोषी. ती बाहेरून धडधाकट दिसते, पण आंतून फुगून अरुंद होते. पायाच्या जोरानें तेल पुढें जातें, परत मात्र येत नाहीं.

हें न तपासतां नुसते पॅड बदलले, तर नवे पॅडहि थोड्याच दिवसांत जळतात. पिनांना ब्रेकासाठीं केलेलेंच ग्रीस लावावें. खनिज तेलानें रबर फुगतें. ब्रेक ऑइल सामान्यतः दर दोन वर्षांनीं बदलावें. घरच्या मोटारीलाहि हेंच लागू आहे.

आणि चाक धरत आहे असें कळल्यावर दोष निघेपर्यंत गाडींत माल भरूं नये. एका खेपेचें भाडें बुडतें खरें. परंतु कामतघरच्या गर्दीच्या रस्त्यावर शाळेंतून परतणाऱ्या मुलांपुढें ती गाडी थांबेल कीं नाहीं, हा प्रश्न त्या भाड्याहून मोठा आहे.