रोपें कोणाचीं?
(धर्मग्रामाच्या ज्युबिलीप्रसंगीं केलेलें भाषण)



ज्युबिलीच्या स्मरणार्थ चर्चच्या आवारांत झाडें लावावयाचीं ठरलें आहे, ही मोठ्या संतोषाची गोष्ट होय. त्या निमित्तानें आफ्रिकेंतील केनिया देशच्या एका बाईंची हकीकत आपणांपुढें ठेवावी, असें आम्हांस वाटतें.

वांगारी माथाई यांचा जन्म सन १९४० मध्यें न्येरीकडील एका खेड्यांत झाला. शिक्षण कॅथोलिक धर्मभगिनींच्या शाळांत. मुगुमो म्हणून आपल्या उंबराच्या कुळांतील एक झाड तिकडे असतें. त्याची काटकीहि सरपणास आणूं नये, तें देवाचें झाड आहे, असें आईनें त्यांस लहानपणीं बजाविलें होतें. (आपल्याकडील जुनीं माणसें उंबराविषयीं असेंच बोलत.) त्या झाडाजवळ झरा वाहत असे. पुढें अमेरिकेंत शिकून बाई परत आल्या, तों झाड तोडलेलें व झरा आटलेला!

खेड्यांतील स्त्रिया सांगूं लागल्या कीं, सरपण दूर गेलें, पाणी नासलें, मुलांस सकस अन्न मिळेनासें झालें. रानें जाऊन चहा-कॉफीचे मळे आले होते. मळ्याचा पैसा बहुधा पुरुषाच्या हातीं पडे. मोळी मात्र बाईच्याच पाठीवर राहिली. रानाची हानि ज्यांस प्रथम कळली, त्यांस रानाविषयीं कोणी विचारलें नव्हतें.

ता. ५ जून १९७७ रोजीं माथाईबाईंनीं नैरोबींत सात झाडें लाविलीं. त्यांतील बहुतेक जगलीं नाहींत. तरी हरितपट्टा चळवळ तेथूनच सुरू झाली. झाडें लावावयास पदवी लागते, असें सरकारी वनाधिकाऱ्यांचें मत पडलें. ज्यांनीं आजन्म शेती केली त्यांस हें ऐकविण्यांत आलें! स्त्रियांनीं फुटक्या मडक्यांत व डब्यांत बीं पेरून रोपें वाढविलीं. चळवळीकडून त्यांस रोपामागें अमेरिकेच्या चार सेंटांएवढी रक्कम मिळे. लाविलेल्या नव्हे, जगलेल्या रोपामागें. रक्कम क्षुल्लक खरी, पण ती बाईच्या स्वतःच्या हातांत येई. आमच्या मतें साऱ्या चळवळीचें मर्म या चार सेंटांत आहे. श्रम जिचे, मोबदला तिचा, आणि म्हणून शब्दहि तिचा.

सन १९८९ मध्यें नैरोबीच्या उहुरू उद्यानांत साठ मजली इमारत उठणार होती. बाईंनीं विरोध केला, तेव्हां कायदेमंडळांत त्यांच्या घटस्फोटावरून टवाळी झाली. इमारत मात्र उठली नाहीं. सन २००४ मध्यें त्यांस शांततेचें नोबेल पारितोषिक मिळालें, त्या वेळेपर्यंत चळवळीनें सुमारें तीन कोटी झाडें लाविलीं होतीं. सन २०११ मध्यें त्या निवर्तल्या.

आतां आपल्या झाडांकडे वळूं. कोणतीं झाडें, कोठें, किती खर्चून लावावीं हें ठरविणाऱ्या समितीची यादी आम्हीं वाचली; तींत एकाहि स्त्रीचें नांव नाहीं. पाणी घालण्याच्या पाळ्यांची यादी तिच्याशेजारींच लाविली आहे. तींत सर्व नांवें भगिनींचीं आहेत. विहिरीचें पाणी कोणत्या महिन्यांत तळास जातें, हें त्यांसच ठाऊक. समितीची पहिली बैठक येत्या रविवारीं मिस्सेनंतर आहे. तत्पूर्वीं पहिल्या यादींत निदान निम्मीं नांवें स्त्रियांचीं व दुसरींत तितकींच पुरुषांचीं घालावीं, अशी आमची समितीस विनंति आहे.