हॉल्स्टेड रस्त्यावरची शेजारीण



पत्रिकेत आजचा विषय 'परक्या गावात आलेल्या बाईला आधार कोणाचा?' असा छापला आहे. त्यातला 'आधार' हा शब्द मी थोडा बाजूला ठेवणार आहे. पडणाऱ्याला आपण आधार देतो. पण नव्या गावात उतरलेली बाई पडलेली नसते. तिला गाव ठाऊक नसतं आणि गावाला ती ठाऊक नसते, एवढंच. अशा वेळी तिला हवी असते शेजारीण. आज मी अशाच एका शेजाराची गोष्ट सांगणार आहे.

शिकागोत हॉल्स्टेड रस्त्यावर १८५६ साली चार्ल्स हल या धनिकाने एक घर बांधलं. तेव्हा ती जागा गावाच्या कडेला होती. पुढच्या तीस-बत्तीस वर्षांत शहर त्या घराला ओलांडून पुढे गेलं. घराच्या एका अंगाला प्रेतांच्या पेट्यांचं दुकान आलं, दुसऱ्या अंगाला दारूचा गुत्ता. सभोवार दाटीवाटीच्या लाकडी घरांत इटलीतून, जर्मनीतून, आयर्लंडमधून, पोलंड-रशियातून आलेली कुटुंबं राहू लागली. १८ सप्टेंबर १८८९ रोजी जेन ॲडम्स आणि एलन गेट्स स्टार या दोन मैत्रिणी त्या घरात, म्हणजे हल हाऊसमध्ये, राहायला आल्या. दोघीही तिशीच्या आसपासच्या, शिकलेल्या, खात्यापित्या घरच्या. लंडनच्या गरीब वस्तीत १८८४ साली सुरू झालेलं टॉयन्बी हॉल ॲडम्सबाईंनी पाहिलं होतं. तिथे विद्यापीठातले तरुण वस्तीत येऊन राहत. या दोघींनी तेच केलं. दवाखाना उघडला नाही, शाळा काढली नाही. बिऱ्हाड केलं आणि दार उघडं ठेवलं.

१८८९ सालीच, ११ मार्चला, मुंबईत पंडिता रमाबाईंनी शारदा सदन सुरू केलं होतं. त्याच्या थोडं आधीपर्यंत रमाबाई अमेरिकेतच होत्या. एकीचं घर विधवांसाठी, दुसरीचं परदेशातून आलेल्यांसाठी. या दोघींची भेट झाली होती असं मी म्हणत नाही. पण १८८९ हे साल मला त्या दोन घरांमुळे लक्षात राहिलं आहे.

तर दार उघडं राहिलं आणि आधी मुलं आत आली. आयांना पहाटेच कामावर जावं लागे. मग मूल शेजारणीच्या भरवशावर, नाहीतर खोलीत कोंडून. ॲडम्सबाईंनी आपल्या आठवणींत तीन अधू मुलांबद्दल लिहिलं आहे. एक तिसऱ्या मजल्यावरच्या खिडकीतून पडलेलं. एक भाजलेलं. तिसऱ्याचा कणा वाकलेला, कारण तीन वर्षं त्याला दिवसभर स्वयंपाकघरातल्या टेबलाच्या पायाला बांधून ठेवत. दुपारी जवळच्या कारखान्यातून मोठा भाऊ धावत येई, दोघं मिळून खात, तेवढ्यापुरती त्याची सुटका. यात आईला दोष कसा द्यायचा? बांधलं नसतं तर तेही खिडकीतून पडलं असतं. हल हाऊसने बालवाडी काढली, पाळणाघर काढलं. बायकांसाठी काही करायचं असेल तर पहिली सोय मुलांची, हे त्या घराला पहिल्या वर्षातच कळलं. आजही बायकांसाठी वर्ग काढणाऱ्या कितीतरी संस्थांना ते कळलेलं नाही, आणि मग 'बायका येतच नाहीत' अशी तक्रार ऐकू येते.

दुसरी गोष्ट त्यांना चुकून कळली, आणि ती मला अधिक मोलाची वाटते. वस्तीत लोक निकस खातात म्हणून हल हाऊसने सार्वजनिक स्वयंपाकघर थाटलं. पोषणाचं नवं शास्त्र, मोजूनमापून शिजवलेलं सूप. वस्तीने त्याकडे पाठ फिरवली. एका बाईने सरळ सांगितलं की हे पौष्टिक आहे खरं, पण मला जे आवडतं तेच खायचं आहे. इटलीतून आलेल्या माणसाला कोणी न्यू इंग्लंडच्या पद्धतीचं सूप वाढलं तर तो तरी काय करणार? आपल्याकडे कोकणातल्या माणसासमोर भाकरीऐवजी ओटची पेज ठेवून पाहा. हल हाऊसने मात्र हट्ट धरला नाही. त्या स्वयंपाकघराचं कॉफीचं दुकान झालं. तिथे लोक बसू लागले, गप्पा मारू लागले. ही माघार लपवून न ठेवता ॲडम्सबाईंनी पुस्तकात लिहून ठेवली, याचं मला फार कौतुक वाटतं.

पहिल्या नाताळात त्यांनी मुलींना गोड गोळ्या वाटल्या. काही मुलींनी त्या घेतल्या नाहीत. विचारल्यावर कळलं की त्या गोळ्यांच्याच कारखान्यात कामाला होत्या, सहा आठवडे सकाळी सातपासून रात्री नऊपर्यंत, आणि गोळी डोळ्यांसमोरही नको झाली होती. त्या मुली घरात आल्या नसत्या तर हे कळलं कसं असतं? १८९१ च्या अखेरीस फ्लॉरेन्स केली तिथे आल्या. नवऱ्याला सोडून, तीन मुलं घेऊन. म्हणजे त्याही आसऱ्यालाच आल्या होत्या. त्यांनी कारखान्यांची पाहणी केली, १८९३ साली इलिनॉय राज्यात कायदा झाला, चौदा वर्षांखालच्या मुलांना कारखान्यात बंदी आली, बायकांना आठ तासांचा दिवस मिळाला, आणि केलीबाई राज्याच्या मुख्य कारखाना निरीक्षक झाल्या. आठ तासांचं कलम न्यायालयाने १८९५ साली रद्द केलं. तरी वाट पडली होती.

आता कचऱ्याबद्दल. हा भाग मला नेहमी थोडा सविस्तर सांगावासा वाटतो. वस्तीत मृत्यूचं प्रमाण फार होतं आणि गल्ल्यांत कचरा कुजत पडलेला असे. ॲडम्सबाई म्हणाल्या नाहीत की या लोकांना स्वच्छता शिकवली पाहिजे. गावाकडे कचरा झाडून अंगणात टाकला तर उन्हाने वाळतो, जनावरं खातात. शहरात तसं होत नाही, तिथे पालिकेने उचलला नाही तर मुलं आजारी पडतात. म्हणून दोष कोणाचा हे पाहण्यासाठी हल हाऊसच्या महिला मंडळातल्या बायका संध्याकाळी गल्लोगल्ली फिरल्या. दिवसभर घरकाम करून दमलेल्या या बायका. दोन महिन्यांत त्यांनी आरोग्य खात्याकडे १,०३७ तक्रारी नोंदवल्या. पुढे १८९५ साली ॲडम्सबाईंना त्या वॉर्डाचं कचरा निरीक्षकपद मिळालं. त्या सकाळी सहाला उठून गाड्यांच्या मागे जात. एका अरुंद गल्लीत अठरा इंच कचऱ्याखाली फरसबंदी सापडली. 

इथे जुनी मंडळी बरीच दिसताहेत. तुमच्यापैकी कित्येकांनी शाळेत टकळीवर सूत काढलं असेल. पुढची गोष्ट टकळीचीच आहे.

एकदा ॲडम्सबाईंना रस्त्याच्या कडेला एक म्हातारी इटालियन बाई सूत कातताना दिसली. काडीची साधी चाती, बोटांनी फिरवलेली. तिच्याकडे पाहून त्यांना सुचलं की वस्तीतल्या या बायकांच्या हातात केवढी विद्या आहे, आणि त्यांच्या मुलांना तिचा पत्ताच नाही. १९०० साली हल हाऊसमध्ये श्रमांचं संग्रहालय उघडलं. काचेच्या पेटीत वस्तू मांडायच्या नाहीत. शनिवारी संध्याकाळी रशियन, सीरियन, आयरिश, इटालियन बाया येऊन आपापल्या पद्धतीने सूत काढणार, विणणार.

त्याच संध्याकाळी त्याच इमारतीत पाककृतींचा वर्ग भरे. एक इटालियन मुलगी त्या वर्गाला येई आणि तिची आई सूत कातायला. दोघी एकाच घरून निघत. पण मुलगी वेगळ्या दाराने आत शिरे. डोक्याला रुमाल बांधलेली, आखूड परकर आणि जाडजूड बूट घातलेली ती बाई आपली आई आहे हे कोणाला कळू नये म्हणून. एका शनिवारी ती पाहते तर आईभोवती शिक्षणशास्त्र शिकणाऱ्यांचा घोळका. सगळे तिची बोटं पाहताहेत, नवल करताहेत. त्यांच्या बोलण्यावरून मुलीला वाटलं की काडीच्या चातीवर सूत काढण्यात आपल्या आईच्या तोडीचं इथे कोणी नाही, आणि हे खरं का, असं तिने ॲडम्सबाईंना विचारलं. त्यानंतर पलंगाखालच्या पेटीतली आईच्या हातची विणलेली कापडं बाहेर आली. मुलगी आईबरोबर एकाच दाराने येऊ लागली.

ही गोष्ट वाचून मी बराच वेळ पुस्तक मिटून बसले होते. मीही वेगळ्या दाराने आत गेलेली बाई आहे.

२००६ साली मी लग्न करून शिकागोला गेले. माझ्या पासपोर्टवर एच-४ व्हिसा होता. हा नवऱ्याच्या नोकरीवर अवलंबून असलेल्या बायकोचा व्हिसा. तेव्हा आम्हाला नोकरी करता येत नसे. २६ मे २०१५ पासून यातल्या काही जणींना परवानगी मिळाली, तीही नवऱ्याच्या ग्रीन कार्डाचा अर्ज ठरावीक टप्प्यावर पोचला असेल तरच. समाजकार्याची पदवी आणि चार वर्षांचा अनुभव घेऊन मी गेले होते. एका कचेरीत अर्ज भरायला गेले तर काउंटरवरच्या बाईंनी मला न विचारताच व्यवसायाच्या रकान्यात 'अवलंबित' लिहून टाकलं. मीही गप्प राहिले. त्या वर्षी कोणी 'काय करता' असं विचारलं की मी नवऱ्याची कंपनी सांगायचे.

जानेवारीत एका मंगळवारी वाण्याकडून परत येताना थंडीने हात बधिर झाले म्हणून मी वाटेतल्या सार्वजनिक वाचनालयात शिरले. कोपऱ्यात सहा-सात बायका गोल बसल्या होत्या. मागच्या सतरंजीवर मुलं ठोकळ्यांशी खेळत होती आणि एक आजी त्यांच्यावर लक्ष ठेवून होत्या. एक निवृत्त शिक्षिका इंग्रजी बोलायला शिकवत होत्या. एक बाई मेक्सिकोची, दोघी पोलंडच्या, एक इराकमधून आलेली असिरियन. तिथल्याच एक काळ्या बाईही होत्या. त्या नातवाला घेऊन केवळ सोबतीला येत. शिकवणाऱ्या बाईंनी मला बसायला सांगितलं आणि विचारलं, "तिकडे तू काय करायचीस?" चार महिन्यांत कोणीही मला हे विचारलं नव्हतं. उत्तर द्यायला मला थोडा वेळ लागला.

त्या गटाचा मला फायदा झाला तो इंग्रजीपेक्षा वेगळाच. मुलाच्या शाळेतल्या कागदावर सही कुठे करायची, गॅसचं बिल वाढलं तर फोन कोणाला, डॉक्टरकडे दुभाषा मागता येतो, हे सगळं तिथे कळे. इराकच्या बाईला पोलंडची बाई सांगे, मला ती काळी आजी सांगे. आणि घरात मार खाणारी कोणी असेल तर तिलाही कळे की आपल्यासारख्यांसाठी कोणी आहे. शिकागोत 'अपना घर' ही संस्था १९९० च्या आसपास दक्षिण आशियाई बायकांसाठी निवारा घेऊन उभी राहिली. न्यू जर्सीत 'मानवी' त्याआधी, १९८५ मध्ये. तिथल्या आपल्या मराठी मंडळांमध्ये गणपती आणि दिवाळी थाटात होतात, त्याचा मला आनंदच आहे. पण नवऱ्याने पासपोर्ट कुलुपात ठेवला आहे, हे कोणतीही बाई आरतीच्या रांगेत सांगत नाही. त्यासाठी अनोळखी दार लागतं.

हल हाऊसमध्ये सगळं चांगलंच होतं असं मी सांगत नाही. परदेशातून आलेल्यांना मोकळं असलेलं ते दार शिकागोतल्या काळ्या कुटुंबांना बराच काळ तितकं मोकळं नव्हतं. दक्षिणेकडून येणाऱ्या काळ्या तरुणांसाठी आयडा बी. वेल्स यांना १९१० साली स्वतःचं केंद्र काढावं लागलं. आणि घरही टिकलं नाही. वाढत वाढत तेरा इमारती झाल्या होत्या. १९६० च्या दशकात विद्यापीठासाठी त्या पाडल्या. फ्लॉरेन्स स्काला ही त्याच वस्तीत, हल हाऊसच्या अंगणात वाढलेली इटालियन आईबापांची मुलगी महापालिकेशी भांडली, पण हरली. मूळ घर आणि जेवणघर उरलं आहे, तिथे संग्रहालय आहे. संस्था दुसरीकडे काम करत राहिली आणि जानेवारी २०१२ मध्ये पैशांअभावी बंद झाली. तिचा बहुतेक पैसा सरकारी होता. शेजारपण जेव्हा सरकारी अनुदानावर चालतं तेव्हा ते अनुदानाबरोबरच संपतं.

वाचनालयातला गट मात्र मी जाऊ लागल्यावर काही महिन्यांनी, शिकवणाऱ्या बाईंच्या गुडघ्यांचं ऑपरेशन झालं तेव्हा, माझ्याकडे आला. एका मंगळवारी नुकतीच आलेली एक नेपाळी मुलगी दारातच उभी राहिली. अंगावर उसना वाटावा इतका मोठा कोट. मी तिला विचारलं, "तिकडे काय करायचीस?" म्हणाली, "आठवीपर्यंत गणित शिकवायचे." त्या दिवशी मुलं बरीच आली होती आणि आजी आल्या नव्हत्या. ती कोट काढून सतरंजीवर बसली, तिने ठोकळे दहा-दहाच्या ओळीत मांडायला घेतले, आणि मुलं तिच्याभोवती गोळा झाली.