विजेचा पुरवठादार बदलावा काय?

(मंडळाच्या वार्षिक मेळाव्यात दिलेल्या भाषणाचा मजकूर)



विवाह, शिक्षण आणि वसतिगृह हे विषय आपल्या मेळाव्यात दरवर्षी येतात व ते यावयासच हवेत. यंदा चालकांनी आम्हांस विजेच्या बिलावर बोलण्याची आज्ञा केली आहे. विषय ऐकताच पुढील रांगेतील काही मंडळींच्या मुद्रेवर स्मित उमटले, ते आम्ही पाहिले. तथापि, गेल्या उन्हाळ्यात कुलर व पंखे रात्रंदिवस चालल्यावर जी बिले घरोघर आली, ती पाहून याच मंडळींचे स्मित मावळले होते, हेही आमच्या स्मरणात आहे.

प्रश्न असा की, आपल्यापैकी कित्येकांचे आप्त मुंबईच्या उपनगरांत आहेत आणि अलीकडे काहींचे चिरंजीव विलायतेतही आहेत. ते सुट्टीत घरी आले म्हणजे सांगतात की, आम्ही वीज-कंपनी बदलली, बिल उतरले, वर बक्षीसही मिळाले. मग नंदुरबार, शहादे, तळोदे येथील गृहस्थ आम्हांस विचारतो, "आम्हांला का बदलता येऊ नये?"

याचे सरळ उत्तर असे की, आज आपल्या जिल्ह्यातील घरगुती ग्राहकाला ती मुभा नाही. ६ जून २००५ रोजी जुन्या वीज मंडळाचे विभाजन होऊन महावितरण कंपनी अस्तित्वात आली व आपल्या सर्व तालुक्यांत घरापर्यंत वीज पोचविणारी तीच एक कंपनी आहे. २००३ च्या वीज कायद्याने दुसऱ्याकडून वीज घेण्याची वाट उघडली खरी. परंतु ती मोठ्या कारखानदारासाठी. २०२२ च्या नियमांनी सौर-पवनादी हरित विजेपुरती ती मर्यादा १०० किलोवॅटपर्यंत खाली आणली. तरीही आपल्या दोन-तीन किलोवॅटच्या घराला त्या दारातून आत जाता येत नाही. नवापूरच्या रेल्वे स्थानकाचा एक भाग महाराष्ट्रात व दुसरा गुजरातेत आहे. प्रवासी एका बाकावरून उठून दोन पावलांत परराज्यात जातो. मीटरला मात्र ती दोन पावले टाकता येत नाहीत.

मुंबईच्या उपनगरांत काय घडले, ते थोडे विस्ताराने सांगतो, कारण त्यात आपल्या कामाचे पुष्कळ आहे. तेथे एकाच भागात दोन कंपन्यांस परवाना होता. टाटा कंपनीला घरगुती ग्राहकासही वीज विकता येते, असा निर्णय सर्वोच्च न्यायालयाने २००८ मध्ये दिला आणि ऑक्टोबर २००९ मध्ये राज्य वीज नियामक आयोगाने व्यवस्था लावून दिली की, तारा व खांब रिलायन्सचेच राहावेत, वीज मात्र ग्राहकाने टाटांची घ्यावी. (रिलायन्सचा हा व्यवसाय २०१८ मध्ये अदानी समूहाकडे गेला.) टाटांचा दर त्या वेळी कमी असल्यामुळे मोठ्या संख्येने ग्राहक तिकडे वळले. परंतु तारा दुसऱ्याच्या, म्हणून त्या तारांचे भाडे, अर्थात वहन आकार, बिलात आला. पुढे, मोठे ग्राहक निघून गेल्याने मागे राहिलेल्या लहान ग्राहकांच्या सवलतीचा भार कोणी सोसावा, हा प्रश्न उपस्थित झाला व जाणाऱ्यांवर अधिभार बसला. जुन्या थकलेल्या रकमांचीही वसुली त्यांच्याकडून होऊ लागली. केवळ विजेचा दर पाहून जो गेला, त्याचा हिशेब अशा रीतीने काही वर्षांत पालटला. तर ज्याने बिलाच्या साऱ्या ओळी वाचल्या, त्याला केव्हा जावे व केव्हा परतावे हे कळले.

विलायतेचेही थोडक्यात सांगू. तेथे १९९९ पासून प्रत्येक घराला वीज-कंपनी निवडता येते. नवे गिऱ्हाईक आणून देणाऱ्याच्या व येणाऱ्याच्याही बिलात काही पौंड जमा करण्याची पद्धत तेथूनच आपल्या मुलांनी पाहिली. पण २०२१ च्या उत्तरार्धात गॅसचे घाऊक भाव भडकले आणि पंचवीसहून अधिक कंपन्या बुडाल्या. कोणाच्या घरातील दिवा विझला नाही, नियामकाने ग्राहक इतर कंपन्यांच्या हवाली केले. पण त्या व्यवहाराचा खर्च अखेर सर्वांच्याच बिलांत उतरला. बक्षीस मिळालेल्यांच्याही.

स्वयंपाकाच्या गॅसचा विचार एका परिच्छेदात आटोपतो. २०१४ च्या जानेवारीत देशातील ४८० जिल्ह्यांत ग्राहकास वितरक बदलण्याची सोय जाहीर झाली; कंपनी बदलण्याची नव्हे, कारण एका कंपनीचे सिलिंडर दुसरीने भरण्यास कायद्याची आडकाठी होती. ज्या गावात एकच वितरक आहे, तेथे या सोयीचा अर्थ उरत नाही. धडगाव व अक्कलकुव्याच्या डोंगरांत तर वितरक कोणता यापेक्षा पुढचे सिलिंडर भरण्यापुरते पैसे घरात आहेत की नाहीत, हाच प्रश्न अधिक खरा आहे.

आता आपल्या हाती काय आहे ते पाहू. लहानसहान सवलती प्रथम. महावितरणचे बिल सात दिवसांच्या आत भरल्यास १ टक्का सूट मिळते. रोख न भरता संगणकीय मार्गाने भरल्यास पाव टक्का आणखी. कागदी बिलाऐवजी ई-मेल व संदेशाद्वारे बिल घेतल्यास दर बिलामागे १० रुपये, म्हणजे वर्षाला १२० रुपये. या रकमा क्षुल्लक वाटतील. पण जी गृहिणी भाजीवाल्याकडून कोथिंबिरीची काडी मागून घेते, तिने या का सोडाव्यात, हे आम्हांस समजलेले नाही. शिवाय वीज आकारावर वहन आकार, स्थिर आकार, इंधन समायोजन आणि या सर्वांवर १६ टक्के वीज शुल्क अशी बिलाची चढण असते. १०० युनिटांच्या पायरीवरून पुढची पायरी चढताच दर एकदम वाढतो, ही गोष्टही घरातील सर्वांस ठाऊक हवी.

खरा पालट मात्र छपरावर आहे. नंदुरबारकरास उन्हाचा व्यापार नवा नाही. आपल्या बाजारची मिरची पथाऱ्यांवर वाळते ती याच उन्हात, व गच्चीवरील पापड-कुरडयांनाही दुसरे इंधन लागत नाही. फेब्रुवारी २०२४ मध्ये केंद्र सरकारने प्रधानमंत्री सूर्यघर योजना सुरू केली. तिची मुदत २०२६-२७ या वर्षापर्यंत ठरविण्यात आली. तीत १ किलोवॅटला ३०,००० रुपये, २ किलोवॅटला ६०,००० आणि ३ किलोवॅट वा त्याहून अधिक क्षमतेला ७८,००० रुपये अनुदान ठेवले आहे. एका किलोवॅटमधून महिन्याला सुमारे १२० युनिटे निघतात व त्यास साधारण १०० चौरस फूट मोकळी, सावली न येणारी जागा लागते. दिवसा उरलेली वीज तारेवर जाते, रात्री तेवढी परत मिळते, आणि मीटर दोहोंची वजाबाकी करतो. १०० युनिटांच्या आतील ग्राहकांसाठी राज्य सरकारने २०२५ मध्ये 'स्मार्ट' नावाची जोडयोजना मंजूर केली. तीत दारिद्र्यरेषेखालील कुटुंबास १ किलोवॅटसाठी राज्याकडून १७,५०० रुपये अधिक मिळावयाचे आहेत.

"बिल शून्य" असे सांगत मोटारसायकलीवरून फिरणारे प्रतिनिधी आता खेडोपाडी दिसतात. त्यांतील पुष्कळ सचोटीचे आहेत, पण सर्वच आहेत असे नाही. युनिटे शून्य झाली तरी स्थिर आकार राहतो. अनुदान ग्राहकाच्या बँक खात्यात थेट जमा होते, तेही यंत्रणा बसून चालू झाल्यावर; म्हणून "अनुदान आमच्यामार्फत सुटेल" असे म्हणणाऱ्यास पाणी द्यावे व निरोप द्यावा. विक्रेता योजनेत नोंदलेला असावा, तावदाने देशी बनावटीची असावीत, पाच वर्षांच्या देखभालीचा करार लेखी असावा. ज्यांची घरे जुन्या धाब्याची आहेत, त्यांनी मातीच्या छपरावर सांगाडा चढविण्यापूर्वी जाणत्या गवंड्यास वर चढवून पाहावे.

इतके सर्व जुळले तरी अर्ज अडतो, आणि कोठे अडतो ते सांगण्यासाठीच आम्ही आज उभे आहोत. अर्ज अडतो नावापाशी. आपल्या समाजातील कितीतरी घरांचे वीजबिल आजही आजोबांच्या नावे येते. आजोबांस जाऊन पंधरा-वीस वर्षे लोटली. पण बिल भरले जाते, दिवा लागतो, म्हणून कोणी लक्ष दिले नाही. सुरक्षा ठेवही त्यांच्याच नावे पडून आहे. अनुदान तर बिलावरील जिवंत माणसाच्या खात्यात यावयाचे. मग नाव कोणाचे चढवावयाचे? धाकटा नंदुरबारास घर राखतो, थोरला नाशकास नोकरीत आहे, मधला वेगळा निघाला पण गच्चीवरील हक्क त्याने सोडलेला नाही. तावदाने पंचवीस वर्षे राहावयाची. म्हणजे हा विजेचा व्यवहार दिसतो, पण मुळात तो पंचवीस वर्षांचा भाऊबंदकीचा करार असतो. ज्या घरात तो तोंडी झाला, तेथे पहिल्या वर्षी गोडीगुलाबी असते व तिसऱ्या वर्षी मधल्यास मजला चढवावयाचा असतो. यास्तव खर्च कोणी किती घातला, वीज कोणत्या मीटरला जाईल, पुढे मजला चढविल्यास सांगाडा कोणी हलवावयाचा, हे एका कागदावर लिहून सर्वांनी सह्या कराव्यात.

आणि भगिनींनो, येथे तुमच्याशी थोडे बोलावयाचे आहे. नाव बदलण्यासाठी वारसांची ना-हरकत लागते, तेव्हा माहेरचा भाऊ कागद घेऊन येतो. "ताई, सोलरचा कागद आहे, येथे सही कर." २००५ च्या दुरुस्तीपासून वडिलोपार्जित मिळकतीत मुलीचा हक्क मुलाइतकाच आहे आणि २०२० मध्ये सर्वोच्च न्यायालयाने तो जन्मसिद्ध असल्याचे स्पष्ट केले. वीजजोडणीवरील नाव बदलण्याची ना-हरकत निराळी व घरावरील हक्कसोडपत्र निराळे. पहिल्यासाठी दुय्यम निबंधकाच्या कचेरीत जाऊन अंगठा व छायाचित्र द्यावे लागत नाही. भाऊ तेथे नेऊ लागला, तर तो कागद विजेचा नव्हे. हक्क सोडावयाचा की नाही, हे तुम्ही ठरवा. पुष्कळ बहिणी तो आनंदाने सोडतात व आम्ही त्यांस नावे ठेवीत नाही. परंतु तो सोडताना आपण तो सोडीत आहोत हे माहीत असावे. भावांनीही हे ओळखावे की, ७८,००० रुपयांच्या निमित्ताने घेतलेली सही पुढे माहेरचा उंबरठा बंद करू शकते.

काही वडीलधारे म्हणतील की, ही घरातील गोष्ट व्यासपीठावर कशाला? आमचे म्हणणे असे की, सोयरिकीच्या वेळी आपण घराची गच्ची मोजतो. मग ती कोणाच्या नावे आहे हे बोलण्यास संकोच का वाटावा?

चालकांच्या संमतीने पुढील व्यवस्था केली आहे. मेळाव्यानंतरच्या तीन रविवारी मंडळाच्या कचेरीत सकाळी ९ ते १२ या वेळात आपल्यातील दोन निवृत्त अभियंते व एक वकील बसतील. त्यांची बैठक विनामूल्य आहे. ते कोणत्याही विक्रेत्याची शिफारस करणार नाहीत. एकाच गल्लीतील चार-पाच घरांनी मिळून दर मागविल्यास तो पडतो, एवढे सांगतील व दरपत्रके तुम्हांसमोर वाचून दाखवतील. येताना चालू महिन्याचे व गेल्या मे महिन्याचे अशी दोन बिले, घरपट्टीची पावती किंवा ग्रामपंचायतीचा आठ नंबरचा उतारा, बिलावरील गृहस्थ हयात नसल्यास मृत्यूचा दाखला, आणि बँकेचे पुस्तक आणावे. ज्या घरांत वाटणी झालेली नाही, तेथील शक्यतो दोघा भावांनी मिळून यावे. बहीण येत असल्यास तिच्यासाठी वेगळी खुर्ची ठेवली आहे. बिल मूळ आणावे. मोबाइलमधील छायाचित्रात ग्राहक क्रमांकाचा शेवटचा आकडा बहुधा कापला गेलेला असतो.